सूक्ष्मदर्शकापासून सभावृत्तांतापर्यंत

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांच्या प्रमुखपदी पोहोचलेल्या मंडळींची पूर्वपीठिका तपासू लागल्यास इंग्रजी, समुपदेशन, शिक्षणशास्त्र आणि इतिहास यांच्या गर्दीत अधूनमधून एखादा जीवशास्त्रज्ञ आढळतो. ज्याने उमेदीची वर्षे पेशीविभाजन, बुरशी किंवा मेंढीचा मेंदू यांच्या सहवासात घालवली, त्याने पुढे अर्थसंकल्प, कंत्राटे आणि वाहनतळ यांच्या सहवासात निवृत्त व्हावे ही घटना उत्क्रांतीच्या कोणत्या प्रकारात मोडते, याचा विचार मात्र जीवशास्त्राने अद्याप गांभीर्याने केलेला नाही. पक्षी स्थलांतर का करतात यावर या शास्त्रात ग्रंथांची कपाटे भरली आहेत. प्रयोगशाळेतून प्रशासकीय इमारतीकडे होणारे दोनशे पावलांचे स्थलांतर दुर्लक्षित राहिले आहे, आणि ते करणाऱ्यांनाही आपण ते नेमके कोणत्या ऋतूत केले हे सांगता येत नाही.

ज्या अधिवासात हे घडते त्याची ओळख आधी करून घेतलेली बरी. कम्युनिटी कॉलेज म्हणजे पदवीच्या पहिल्या दोन वर्षांचे शिक्षण, तसेच परिचर्या, मोटारदुरुस्ती, अग्निशमन यांसारखे व्यवसायशिक्षण देणारे, आणि प्रवेशासाठी गुणांची चाळणी न लावणारे स्थानिक महाविद्यालय. आज चालू असलेल्या सार्वजनिक संस्थांपैकी सर्वांत जुनी संस्था इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली सहा विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. तेथील हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी ती उभी केली, पुढे तिला ज्युनिअर कॉलेज म्हटले गेले (महाराष्ट्रातील वाचकाने तिचा संबंध अकरावी-बारावीशी लावू नये), आणि तिच्यामागचा हेतू जितका लोककल्याणाचा होता तितकाच पहिल्या दोन वर्षांचे विद्यार्थी विद्यापीठाच्या गळ्यात पडू नयेत हाही होता. १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाच्या अहवालानंतर ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झाले. आज देशभरात अशी सुमारे एक हजार महाविद्यालये आहेत आणि त्यांपैकी ११६ एकट्या कॅलिफोर्नियात आहेत. पुढील विवेचन मुख्यत्वे त्याच राज्याला धरून केले आहे, कारण नियमांची इतकी समृद्ध जैवविविधता अन्यत्र क्वचितच सापडते.

या महाविद्यालयांकडे पाहण्याची मराठी दृष्टीही नोंदवण्यासारखी आहे. सिलिकॉन व्हॅलीतील मराठी घरांत मुलगा बर्कलीला गेला तर ती बातमी महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात आरतीआधी पोहोचते, आणि तो कूपरटिनोच्या डी अँझा कॉलेजात गेला तर विचारल्याशिवाय सांगितली जात नाही. तोच मुलगा दोन वर्षे एका युनिटला, म्हणजे श्रेयांकाला, ४६ डॉलर या राज्यभर लागू असलेल्या दराने शिकून तिसऱ्या वर्षी बर्कलीलाच दाखल झाला, की ती सारी योजना आपलीच होती असे त्याचे वडील हिशेबाची वही उघडून सिद्ध करतात. अशा संस्थेत शिकवणारा जीवशास्त्रज्ञ हा या हिशेबातला न दिसणारा घटक असतो. संशोधनाची हौस त्याने बहुतेक पीएच.डी.बरोबरच बांधून ठेवलेली असते, आणि परिचारिका होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना शरीररचना व शरीरक्रिया शिकवण्यात, म्हणजे दर सत्रात मानवी सांगाड्याची दोनशे सहा हाडे नव्याने मोजण्यात, त्याचे आयुष्य जात असते.

जीवशास्त्रज्ञाने शिक्षणसंस्थेचे प्रमुख होण्याची परंपरा या राज्यात जुनी आणि बोधप्रद आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष डेव्हिड स्टार जॉर्डन हे मत्स्यशास्त्रज्ञ होते. १८८५ साली इंडियाना विद्यापीठाचे आणि १८९१ साली स्टॅनफर्डचे अध्यक्ष झालेल्या या गृहस्थांविषयी अशी आख्यायिका आहे की, एका विद्यार्थ्याचे नाव लक्षात ठेवले की एका माशाचे नाव विसरायला होते, या कारणास्तव त्यांनी विद्यार्थ्यांची नावे लक्षात ठेवण्याचे सोडून दिले. आख्यायिका खरी असो वा नसो, प्रशासनात शिरलेल्या शास्त्रज्ञाच्या स्मरणशक्तीचे अर्थशास्त्र तिच्यात अचूक पकडले आहे. १९०६ च्या भूकंपात जॉर्डन यांच्या संग्रहातील बरण्या फुटून मासे आणि त्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या यांची फारकत झाली. बैठकीनंतर कोणता ठराव कोणत्या समितीचा हे न कळणाऱ्या आजच्या अधिष्ठात्याला या प्रसंगाविषयी आतून सहानुभूती वाटावी. कॅलिफोर्नियात ज्युनिअर कॉलेजांचा हिरिरीने पुरस्कार करणाऱ्यांतही जॉर्डन अग्रभागी होते. मात्र माशांचे वर्गीकरण करता करता ते माणसांच्याही वर्गीकरणाकडे वळले आणि सुप्रजननवादाचे, म्हणजे ‘निकृष्ट’ ठरवलेल्या माणसांची पैदास रोखण्याच्या मताचे, प्रमुख प्रचारक झाले, म्हणून २०२० साली स्टॅनफर्डने इमारतीवरून त्यांचे नाव उतरवले. कोणालाही प्रवेश नाकारायचा नाही या तत्त्वावर उभ्या राहिलेल्या महाविद्यालयांच्या पुरस्कर्त्यांत असा गृहस्थ असावा, यात विनोद आहे. पण तो हसण्याजोगा नाही.

आजचा जीवशास्त्रज्ञ प्रशासनाकडे का वळतो, हा प्रश्न त्याच्या अर्जावरून सुटत नाही. अर्जात समता, दूरदृष्टी, परिवर्तन आणि विद्यार्थ्यांचे यश हे शब्द असतात आणि ते प्रत्येकाच्याच अर्जात असतात. प्रत्यक्ष कारण बहुतेक वेळा तयारी-खोलीत, म्हणजे प्रयोगापूर्वी सामग्री मांडून ठेवण्याच्या मागच्या खोलीत सापडते, आणि ते कारण नादुरुस्त ऑटोक्लेव्ह असण्याची शक्यता मोठी आहे. ऑटोक्लेव्ह म्हणजे दाबाखालच्या वाफेने १२१ अंश सेल्सिअसला भांडी आणि माध्यमे निर्जंतुक करणारे यंत्र, प्रेशर कुकरचा शिकलेला थोरला भाऊ. त्याच्या झाकणाचे रबर गेले की सूक्ष्मजीवशास्त्राचा वर्ग अडतो. प्राध्यापक विभागप्रमुखाला सांगतात, विभागप्रमुख अर्ज भरायला सांगतात, अर्ज अधिष्ठात्याकडे जातो, आणि पुढल्या सत्रात अधिष्ठात्याच्या कार्यालयातून विचारणा येते की, ऑटोक्लेव्हची मागणी महाविद्यालयाच्या धोरणात्मक आराखड्यातील कोणत्या उद्दिष्टाशी जोडलेली आहे. या विचारणेनंतर दोन प्रकारची माणसे तयार होतात. पहिला प्रकार घरचा कुकर आणतो. दुसरा प्रकार ठरवतो की हा प्रश्न सोडवायचा तर ते अर्ज जिथे जातात तिथे आपण जाऊन बसले पाहिजे. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा प्रकार आहे.

जाऊन बसण्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. आरंभ अंशकालीन नेमणुकीने होतो. देशभरातील कम्युनिटी कॉलेजांतील सुमारे दोन तृतीयांश अध्यापक अंशकालीन असतात, आणि कॅलिफोर्नियात एका जिल्ह्याने अशा अध्यापकाला पूर्ण वेळेचे काम द्यायचे नाही असा कायदा असल्याने (येथे जिल्हा म्हणजे एक किंवा अधिक महाविद्यालये चालवणारी स्वायत्त यंत्रणा) तो सकाळी एका जिल्ह्यात आणि संध्याकाळी दुसऱ्या जिल्ह्यात शिकवतो. मधल्या वेळात महामार्गावर मोटारीच्या मागच्या सीटवर मेंढीचे मेंदू बादलीत डचमळत असतात. अशा अध्यापकांना तेथे महामार्गावरचे उडते पक्षी म्हणण्याचा प्रघात आहे. त्यानंतर भाग्य असेल तर पूर्णवेळ जागा आणि चार वर्षांच्या परीक्षेनंतर कायमपद मिळते. मग विभागप्रमुखपद येते. ते कोणालाच नको असल्याने पाळीपाळीने दिले जाते, आणि ज्याने पहिल्या पाळीत वेळापत्रक न चुकता लावले त्याला शिक्षा म्हणून दुसरी पाळी मिळते. अखेरीस एखाद्या उन्हाळ्यात विद्यमान अधिष्ठाता अचानक अन्यत्र रुजू होतो आणि हंगामी अधिष्ठातापद रिकामे पडते. हंगामी म्हणजे कायम माणूस मिळेपर्यंत. व्यवहारात मात्र हंगामी अधिष्ठाते इतके टिकतात की त्यांच्या हाताखाली कायम नेमलेले दोन उपाध्यक्ष येऊन जातात.

या टप्प्यावर सहकाऱ्यांचे वर्तन बदलते. अमेरिकन महाविद्यालयांत अध्यापकाने प्रशासनात जाणे याला ‘अंधाऱ्या बाजूला जाणे’ असे ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांवरून उचललेले नाव आहे, आणि ते हसत हसत उच्चारले जात असले तरी दुसऱ्या दिवसापासून कॉफीच्या खोलीत नवा अधिष्ठाता शिरताच हवामानाविषयी बोलणे सुरू होते. वीस वर्षे ज्यांच्याबरोबर बसून प्रशासनाला नावे ठेवली, त्यांच्यात आता नावे ठेवायला प्रशासनाचा माणूस आयता मिळाल्याचे समाधान दिसते. शास्त्रीय शिक्षणाचा पहिला फटका इथेच बसतो. जीवशास्त्रज्ञाला निरीक्षकाच्या उपस्थितीने प्राण्यांचे वर्तन बदलते हे ठाऊक असते, परंतु निरीक्षक झाडामागे लपला तर ते पूर्ववत होते असेही त्याने शिकलेले असते. अधिष्ठात्याला लपण्यासाठी झाड मिळत नाही; असलेच तर ते कापण्यावरून आलेली तक्रार त्याच्या टेबलावर असते.

नव्या अधिष्ठात्याची दुसरी ओळख होते ती विद्यार्थी नावाच्या नव्या एककाशी. वर्गात विद्यार्थी पूर्ण असतो. क्वचित झोपलेला असतो, पण पूर्ण असतो. प्रशासनात ‘पूर्णवेळ-समतुल्य विद्यार्थी’ असतो आणि कॅलिफोर्नियाच्या हिशेबात त्याची किंमत ५२५ अध्यापनतास एवढी ठरलेली आहे. साडेसतरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला तीन तास व्याख्यान आणि तीन तास प्रयोगशाळा असा जीवशास्त्राचा विषय घेणारी व्यक्ती १०५ तास भरते, म्हणजे ती विद्यार्थ्याचा एक पंचमांश भाग असते, आणि अशा पाच जणांचा मिळून एक विद्यार्थी होतो. राज्याच्या अनुदानाचा मोठा भाग या बेरजेवर अवलंबून असल्याने, ज्याने आयुष्यभर सजीव अविभाज्य असतो असे शिकवले तो आता दशांश चिन्हानंतरच्या तीन स्थळांपर्यंत सजीव मोजू लागतो, आणि आपल्या विभागात ६१२.४३७ विद्यार्थी आहेत हे वाक्य पुढच्या बैठकीत स्वर न बदलता उच्चारतो.

मोजणी कधी करायची हेही ठरलेले आहे. नियमित वर्गांची गणना सत्राचा एक पंचमांश भाग सरण्याच्या सुमारास एका नेमलेल्या दिवशी होते. परिसंस्थाशास्त्रात रानातील प्राण्यांची संख्या काढण्यासाठी काही प्राणी पकडून, खूण करून सोडतात आणि पुन्हा पकडलेल्यांत खुणेचे किती सापडले यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधतात. डॅनिश मत्स्यशास्त्रज्ञ पीटरसन आणि बदकांची गणना करणारे अमेरिकन फ्रेडरिक लिंकन यांच्या नावाने ही रीत ओळखली जाते. ती शिकवलेल्या माणसाला एकदाच पकडून मोजण्याची ही सरकारी रीत अडाणीपणाची वाटते, कारण हाडांवरची पहिली तोंडी परीक्षा गणनेनंतर होते आणि तिच्यानंतर वर्गाची संख्या कोणत्याही रानाला लाजवील अशी घटते. तरीही अधिष्ठाता झाल्यावर त्याला पहिल्यांदाच ती परीक्षा गणनेनंतर ठेवण्यामागचे शहाणपण दिसते, आणि ज्या ज्येष्ठ सहकाऱ्याला तो आळशी समजत होता तो वास्तविक दूरदर्शी होता हे कळते.

अधिष्ठात्याच्या ताब्यातील विभाग हाही वर्गीकरणशास्त्राचा विषय आहे. काटकसरीच्या ओघात जीवशास्त्र, आरोग्य, शारीरिक शिक्षण आणि क्वचित बालविकास हे एकाच छत्राखाली येतात. ज्या गटातील घटकांना समाईक पूर्वज नसतो आणि वरवरच्या साम्यामुळेच ते एकत्र ठेवलेले असतात, त्याला जीवशास्त्रात बहुपूर्वजी गट म्हणतात आणि शुद्धतेचा आग्रह धरणारे शास्त्रज्ञ असा गट मोडीत काढतात. अधिष्ठात्याला तो मोडीत काढता येत नाही. त्याला त्याचे वार्षिक स्नेहभोजन आयोजित करावे लागते, आणि त्यात व्यायामशिक्षक मंडळी वेळेवर येऊन सगळे संपवतात, जीवशास्त्राची मंडळी प्रयोग आवरून येतात तेव्हा कागदी ताटल्या उरलेल्या असतात, आणि याविषयीची तक्रार सिनेटपर्यंत जाते.

सिनेटचे स्वरूप इथे स्पष्ट केले पाहिजे, कारण संपूर्ण प्रकरणातील रसाळ भाग तोच आहे. १९८८ साली कॅलिफोर्नियाने केलेल्या कायद्याने अध्यापकांच्या सिनेटला कारभारात अधिकृत वाटा दिला. अभ्यासक्रम, गुणदान, पदवीच्या अटी अशा दहा बाबी आणि परस्परसंमतीने ठरणाऱ्या इतर शैक्षणिक व व्यावसायिक बाबी, मिळून ‘दहा अधिक एक’ असा तिचा प्रांत आहे. या प्रांतात विश्वस्त मंडळाने एकतर सिनेटच्या सल्ल्यावर मुख्यतः विसंबावे किंवा तिच्याशी परस्परसंमतीने निर्णय घ्यावा, असे दोन मार्ग दिलेले आहेत, आणि कोणत्या बाबीला कोणता मार्ग लावायचा यावर काही महाविद्यालयांत एका पिढीने चर्चा केली आहे. पहिल्या दहा बाबी शब्दांत बांधलेल्या आहेत. अकरावीतून मात्र काहीही आत येऊ शकते, आणि येते.

विश्वस्त मंडळ हे मतदारांनी निवडून दिलेले असते, त्यामुळे त्यावर एखादा निवृत्त अग्निशमन अधिकारी, एखादी घरविक्री करणारी बाई आणि पुढे विधानसभेवर डोळा असलेला एखादा तरुण असे मिश्रण आढळते. १९५३ च्या खुल्या सभांच्या कायद्यानुसार नियमित सभेची विषयपत्रिका बहात्तर तास आधी जाहीर लावावी लागते आणि तिच्यात नसलेल्या विषयावर निर्णय घेता येत नाही. त्यामुळे सभेच्या आदल्या रात्री प्रयोगशाळेचे छप्पर गळू लागले तर ते विषयपत्रिकेबाहेर गळत आहे हे प्रथम नोंदवावे लागते. कायद्यात तातडीच्या प्रसंगांसाठी वाट ठेवलेली आहे, पण हा प्रसंग तातडीचा आहे असा ठराव आधी मांडावा लागतो. सभा चालते ती हेन्री रॉबर्ट या लष्करी अभियंत्याने १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या नियमपुस्तकाबरहुकूम. दुरुस्तीवरची दुरुस्ती ग्राह्य असते, पण तिच्यावरची आणखी एक दुरुस्ती ग्राह्य नसते, ही त्यातील मर्यादा घालणाऱ्या माणसाने अनेक सभा सोसल्या असाव्यात हे उघड आहे.

नवा अभ्यासक्रम मंजूर होण्याचा प्रवास विभाग, अभ्यासक्रम समिती, सिनेट, विश्वस्त मंडळ आणि राज्याचे मुख्य कार्यालय असा असतो आणि त्याला वर्ष सहज लागते. ज्या फळमाशीवर टॉमस हंट मॉर्गन यांनी कोलंबिया विद्यापीठात १९१० साली पांढऱ्या डोळ्यांचे उत्परिवर्तन शोधले, तिची एक पिढी पंचवीस अंशाला सुमारे दहा दिवसांत पुरी होते. म्हणजे आनुवंशिकीचा नवा अभ्यासक्रम कागदावर फिरत असताना ज्या माशा तो शिकवण्यासाठी आणल्या त्यांच्या तीसहून अधिक पिढ्या होऊन जातात, आणि त्या अवधीत माशांत काही बदल घडला तर तो अभ्यासक्रमात घालण्यासाठी नवा अर्ज करावा लागतो.

अर्जाची भाषा हा आणखी एक धडा. प्रत्येक विषयाची ‘अध्ययन-निष्पत्ती’, म्हणजे सत्राअखेर विद्यार्थ्याला काय करता यावे याचे विधान, लिहिण्याची सक्ती असते आणि त्यासाठी बेंजामिन ब्लूम व सहकाऱ्यांनी १९५६ साली मांडलेल्या उद्दिष्टांच्या उतरंडीतून क्रियापदे निवडली जातात. ‘समजणे’ हे क्रियापद मोजता येत नाही म्हणून ते वर्ज्य असते. त्यामुळे वीस वर्षे वर्गात ‘हे नीट समजून घ्या’ असे सांगत आलेला माणूस आता विद्यार्थी ओळखतील, नामनिर्देश करतील, तुलना करतील, असे लिहितो. समजणे मागे राहिले ही रुखरुख त्याला लागते, परंतु रुखरुखणे हेही क्रियापद उतरंडीत नाही.

याहून खोल खटका पुराव्याच्या बाबतीत उडतो. प्रयोग करताना एका गटाला उपचार द्यावा आणि तुलनेसाठी दुसऱ्या सारख्याच गटाला तो देऊ नये, हा विज्ञानाचा पहिला संस्कार. महाविद्यालय एकच असते. शिकवणी केंद्र सुरू केले आणि निकाल सुधारला, तर तो केंद्रामुळे सुधारला की त्या वर्षी शेजारचा कारखाना बंद पडून अभ्यासाला वेळ मिळाला म्हणून, हे सांगता येत नाही. आणि प्रामाणिक अधिष्ठात्याने तसे लिहिले तर पुढच्या वर्षी केंद्राचा निधी जातो. म्हणून ‘बहुधा’, ‘असे सूचित होते’, ‘नमुना लहान असल्याने’ हे त्याच्या लेखणीतले लाडके शब्द हळूहळू गळतात आणि प्रसिद्धिपत्रकात आपण अत्यंत उत्साहित असल्याचे तो जाहीर करतो. प्रस्तुत लेखकाच्या मते या स्थित्यंतरातील सर्वांत मोठी किंमत हीच असते: शंका घेण्याचा पगार ज्याला मिळत होता त्याला खात्री बाळगण्याचा पगार, आणि तोही जास्त, मिळू लागतो.

अधिस्वीकृतीचे वर्ष आले की हे सर्व एकत्र उकळते. भारतात ‘नॅक’ची समिती येण्यापूर्वी कुंड्या भाड्याने आणलेल्या आणि जिन्याला रंग दिलेल्या महाविद्यालयांना हा अनुभव समजावून सांगण्याची गरज नाही. अमेरिकेतही आयोग आहे, स्वमूल्यमापनाचा जाडजूड अहवाल आहे आणि अन्य महाविद्यालयांतून आलेली तपासनिसांची चमू आहे, आणि हे सर्व नाटक नव्हे याचा पुरावा सॅन फ्रान्सिस्कोने दिला. तेथील सिटी कॉलेजला २०१२ साली आयोगाने कारणे दाखवण्यास सांगितले आणि २०१३ साली मान्यता काढून घेण्याचे ठरवले. ठपका मुख्यतः कारभार आणि आर्थिक शिस्त यांवर होता, आणि न्यायालयीन लढाई व दुरुस्त्यांनंतर २०१७ साली मान्यता सात वर्षांसाठी कायम झाली. वर्ग चांगले चालत असताना महाविद्यालय मरू शकते, ही बातमी राज्यातील प्रत्येक अधिष्ठात्याने मनात कोरून घेतली. इंद्रिये ठीक असताना जीव दगावतो हे जीवशास्त्रज्ञाला नवीन नव्हते. शवविच्छेदनाचा अहवाल रोग्याने स्वतः आगाऊ लिहून द्यायचा असतो, हे नवीन होते.

इतक्यातूनही काही जण वर जातात. जॉर्जटाऊन विद्यापीठातून जीवशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या सुनीता कुक यांनी २०१५ साली दक्षिण कॅलिफोर्नियातील मिराकोस्टा कॉलेजची सूत्रे घेतली, तेव्हा ही वाट केवळ तात्त्विक नाही हे निश्चित. अध्यक्ष झाल्यावर प्रश्न कमी होतात, असे मात्र म्हणता येते. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे क्लार्क कर यांनी विनोदाने असे म्हटले होते की, विद्यापीठप्रमुखापुढे विद्यार्थ्यांचा प्रणय, माजी विद्यार्थ्यांचे खेळ आणि प्राध्यापकांचे वाहनतळ एवढे तीनच प्रश्न असतात. कम्युनिटी कॉलेजात बहुधा वसतिगृह नसते, त्यामुळे प्रणय ज्याच्या त्याच्या घरी जातो. खेळ पाहायला येणारे माजी विद्यार्थी खेळाडूंच्या मावश्या असतात. उरतो वाहनतळ, आणि तो प्राध्यापकांपुरता न राहता सर्वांचा होतो, कारण सगळेच मोटारीने येतात. सत्राच्या पहिल्या आठवड्यात, जागेच्या शोधात चकरा मारणाऱ्या गाड्यांकडे तिसऱ्या मजल्यावरून पाहणाऱ्या अध्यक्षाला अधिवासाची धारणक्षमता ही संकल्पना, म्हणजे दिलेल्या जागेत किती जीव तगतील याची मर्यादा, पूर्वी शिकवली होती त्याहून पुष्कळ चांगली कळते.

वाहनतळासाठी आणि इमारतींसाठी पैसा लागतो आणि तो कर्जरोख्यांतून येतो. मतदारांच्या दोन तृतीयांश कौलाऐवजी पंचावन्न टक्क्यांवर असे रोखे मंजूर करण्याची सोय २००० सालच्या सार्वमताने झाली, तेव्हापासून नव्या विज्ञान-इमारतींचे पीक चांगले आले आहे. भूमिपूजनाला अध्यक्ष आणि विश्वस्त कोऱ्या शिरस्त्राणांत, सोनेरी रंगाच्या फावड्यांनी, मुद्दाम आणून टाकलेल्या मऊ मातीच्या ढिगातून एकेक फावडे माती उचलतात. खाली डांबर असल्यामुळे हा ढीग लागतो. या इमारतीत नवे ऑटोक्लेव्ह असते, एक नव्हे तर दोन. त्यांच्या दुरुस्तीचा करार मात्र रोख्यांच्या पैशातून करता येत नाही. तो नेहमीच्या खर्चातून करावा लागतो, आणि त्या खर्चाचा निम्मा भाग वर्गातील अध्यापनाच्या पगारांवरच झाला पाहिजे असा कायदा असल्याने दुरुस्तीला उरलेल्या निम्म्यात उभे राहावे लागते. त्या रांगेत तिच्या पुढे ग्रंथपालांचे पगार, समुपदेशकांचे पगार, वीज आणि स्वतः अध्यक्ष असतात. ज्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी तो माणूस इतक्या पायऱ्या चढला, ते उत्तर हे असे असते, आणि ते बरोबर असते ही त्यातली सर्वांत चिडवणारी बाब.

मग शास्त्रीय शिक्षणाचा या वाटेवर काही उपयोग होतो काय? होतो, पण सिद्धान्तांचा नव्हे. उत्क्रांती, आनुवंशिकी, परिसंस्था यांची उपमा देऊन भाषण करणारे अध्यक्ष पुष्कळ आहेत आणि त्यांची भाषणे लांबतात. उपयोगी पडते ती तयारी-खोलीची शिस्त. बाटलीत ओतण्याआधी बाटलीवर चिठ्ठी लावणे, नाताळच्या सुट्टीत माशांना खाद्य कोण घालणार याची यादी नोव्हेंबरमध्ये करणे, फॉर्मलिनची उरलेली पिंपे कोणी न सांगता योग्य जागी पोहोचवणे, आणि शीतपेटीची वीज गेली तर पहिला दूरध्वनी कोणाला करायचा हे पाठ असणे, या सवयी असलेला माणूस कोणत्याही महाविद्यालयाचा निम्मा त्रास होण्यापूर्वीच टाळतो, आणि न झालेल्या त्रासाचे श्रेय कोणत्याही अहवालात मिळत नसल्यामुळे त्याची बढती थोडी उशिरा होते. या खोलीत कधी पाऊल न टाकलेले तेजस्वी संशोधक अधिष्ठाते झाले, तर ते पहिल्या वर्षी दूरदृष्टीचा आराखडा आणि दुसऱ्या वर्षी राजीनामा सादर करतात.

परतीची वाटही कायद्यात आहे. कायमपद मिळवलेल्या अध्यापकाला प्रशासनातून पुन्हा वर्गावर जाण्याचा हक्क राहतो, आणि काही जण तो वापरतात. अध्यक्षांचे विश्वस्तांशी बिनसले म्हणून, किंवा एखाद्या लेखापरीक्षणाच्या चौथ्या तासाला बेडकाच्या हृदयाची फार आठवण आली म्हणून. विद्यार्थी दर दोन-तीन वर्षांनी बदलत असल्याने परतलेल्या माजी अध्यक्षांना वर्गात कोणी ओळखत नाही. ‘सर, तुम्ही इथे नवीन का?’ असे विचारले जाते, आणि वेळापत्रकात उरलेला शनिवारी सकाळचा वर्ग त्यांच्या वाट्याला येतो. ते मनापासून शिकवतात. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर तेल ठेवून जाणाऱ्यांना त्यांच्याइतके कळवळून कोणी रागावत नाही.

पहिल्या पगारपत्रकानंतर मात्र त्यांना एक जुने दुखणे पुन्हा जाणवते. अनेक महाविद्यालयांच्या सेवाकरारांत प्रयोगशाळेचा एक तास हा व्याख्यानाच्या तासापेक्षा कमी कार्यभाराचा धरला जातो, जणू तीस विद्यार्थ्यांच्या हातात धारदार सुऱ्या देऊन त्यांच्यामधून तीन तास फिरणे ही विश्रांती आहे. जीवशास्त्राचे अध्यापक याविरुद्ध वर्षानुवर्षे भांडत आले आहेत, आणि हे गृहस्थही तरुणपणी भांडले होते. आता ते पुन्हा संघटनेच्या कार्यालयात जातात, गाऱ्हाण्याचा अर्ज मागून घेतात, आणि सध्याचे कलम किती अन्यायकारक व अशास्त्रीय आहे हे मुद्देसूद आकडेवारीनिशी चार पानांत मांडतात. संघटनेची चिटणीस अर्जाला जोडण्यासाठी चालू कराराची प्रत काढते, शेवटचे पान उलटते, आणि जिल्ह्याच्या वतीने केलेली सही त्यांना वाचून दाखवते. ते सही ओळखतात आणि अर्जाला आणखी दोन पाने जोडतात.